डबा आणि डाव यादीबाहेर का?

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साधनांची यादी आपल्याकडे ठरून गेली आहे. व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र, ब्रेल किट. मूल्यमापन शिबिर भरते, मापे घेतात, यथावकाश वाटप होते, पाहुण्यांसह फोटो निघतो. आणि व्हीलचेअरवरचे तेच मूल मधल्या सुट्टीत डब्यासमोर नुसते बसून राहते, कारण त्याच्या बोटांत चमचा ठरत नाही. खेळाच्या तासाला त्याच्याकडे इतरांची दप्तरे राखायचे काम येते.

याबद्दल बोलले की पहिले उत्तर मिळते, ‘आधी शिकू तर द्या, खेळाचे पुढे पाहू.’ ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण शाळेचा दिवस असा कापता येत नाही. बटण किंवा नाडी स्वतःला सोडता येत नाही म्हणून जे मूल सकाळपासून पाणीच पीत नाही, त्याचे गणितात काय लक्ष लागणार? चड्डीला बटणाऐवजी वेल्क्रोची पट्टी लावली, तर ती ब्रेल पाटीइतकीच शैक्षणिक ठरते. कायदाही हा क्रम मानत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम १७ शिक्षणासाठीच्या साधनांबद्दल बोलते, तर कलम २९ मध्ये करमणुकीत भाग घेता यावा म्हणून साहाय्यक साधने विकसित करण्याचा वेगळा उल्लेख आहे. कलम १७ राबवून झाल्यावर वेळ उरला तर २९ पाहावे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा. साधनाची सवय लागली की हाताला व्यायाम होत नाही, मूल परावलंबी होते, असे ते म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे. थेरपिस्टला न दाखवता गळ्यात मारलेले साधन अपाय करू शकते, आणि ज्या हातात सुधारणा होऊ शकते त्याचा व्यायाम थांबता कामा नये. पण व्यायामाला थेरपीचा तास आहे. मधली सुट्टी जेवायला असते. जाड मुठीच्या, वाकवलेल्या चमच्याने स्वतः जेवणारे मूल परावलंबी, आणि आईने शाळेत येऊन भरवलेले मूल स्वावलंबी, हा हिशेब मला तरी कळलेला नाही.

राहिला खर्च. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक महाग असतो, हे खरेच; तिथे सरकारने हात आखडू नये. पण बहुतेक गरजा इतक्या उंच नसतात. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची मूठ चढवता येते. तळहाताभोवती पट्टा शिवून त्यात चमचा, ब्रश, खडू काहीही अडकवता येते. बॅटरीवरच्या खेळण्याला तारेने मोठे बटण जोडले, की सेरेब्रल पाल्सी असलेले मूलही ते एका दाबात चालवू शकते. गावातला रेडिओ-पंखे दुरुस्त करणारा माणूस हे काम करू शकेल. अंधांच्या बुद्धिबळाच्या पटात काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्यांना खाली खुंटी, शिवाय काळ्या मोहऱ्यांना हाताला लागेल अशी खूण. सुतारकामाच्या पलीकडे यात काय आहे? अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालतात आणि तो खालून टाकतात. तेवढ्या बदलावर उभ्या राहिलेल्या खेळात भारताने २०१२ साली टी-२० विश्वचषक जिंकला. स्क्रीन वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ तर फुकट मिळते. त्यावर मुलाने फक्त पाठ्यपुस्तकच ऐकावे, क्रिकेटचा स्कोअर ऐकू नये, असा नियम कोणी केला?

पैशांपेक्षा मोठी अडचण अशी, की शिबिरात मुलाला कुणी विचारतच नाही, ‘तुला काय खेळायला आवडते?’ न विचारता दिलेली साधने मग कपाटात जातात, आणि दोष मुलावर येतो.

म्हणून पालकांनो, पुढच्या शिबिरात अर्जावर दोन ओळी हाताने लिहून द्या: डबा स्वतः खाण्यासाठी काय हवे, आणि खेळण्यासाठी काय हवे. मुख्याध्यापकांनी त्याखाली सही करावी. त्याला नव्या जीआरची वाट पाहावी लागत नाही.