बायको ओळखायला पुरावा किती लागतो?

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी आमच्या साल्मियाच्या फ्लॅटमध्ये आम्ही अकरा जण 'पाठलाग' बघायला जमलो. कुवेतच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही आणि मॉलचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला. मग भिंतीवर प्रोजेक्टर, जमिनीवर सतरंज्या, मध्ये कांदाभज्यांचं ताट.

चित्रपट १९६४ चा, कृष्णधवल. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी केलेला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. १९६५ मध्ये तो तमिळमध्ये 'इदय कमलम' झाला आणि १९६६ मध्ये राज खोसलांनी त्यावरून 'मेरा साया' केला. आमच्यातल्या निम्म्या लोकांना मूळ चित्रपट मराठी आहे हेच माहीत नव्हतं!

गोष्ट थोडक्यात अशी. एका वकिलाची बायको वारलेली. पोलिस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. ती हुबेहूब त्या बायकोसारखी दिसते आणि सांगते, मीच ती. दोघांखेरीज कुणाला ठाऊक नसणाऱ्या संसारातल्या गोष्टीही ती सांगते. वकील मात्र मानायला तयार नाही. शेवट सांगत नाही. 'मेरा साया' पाहिलेल्यांना तो ठाऊक आहेच.

चित्रपट संपला आणि खरी मजा सुरू झाली. माझ्या ऑफिसातला एक तरुण म्हणाला, "दादा, बायोमेट्रिक केलं असतं तर पिक्चर दहा मिनिटांत संपला असता." २०२४ मध्ये इथे आम्हा सगळ्यांना बोटांचे ठसे द्यायला रांगा लावाव्या लागल्या, त्यामुळे हशा पिकला. एका वहिनींना घाणेकर नाटकी वाटले. वाटणारच. मूळचा दातांचा डॉक्टर, पण 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या संभाजीने महाराष्ट्र वेडा केलेला माणूस. रंगभूमीचा आवाज कॅमेऱ्यापुढे थोडा मोठाच होतो. आमच्या पोरांना घाणेकर माहीत आहेत ते २०१८ च्या चित्रपटातल्या सुबोध भावेंमुळे.

बारावीतली एक मुलगी मात्र रागावली होती. "तिनेच का सगळं सिद्ध करायचं? ह्याला विचारा ना, ह्याला बायकोबद्दल काय काय माहितीये ते."

मी तोवर लॉजिकवाल्यांच्या बाजूने होतो. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, सवय जात नाही. चेहरा जुळतोय, पासवर्ड बरोबर आहेत, तरी लॉगिन नाकारलं जातंय, कारण सिस्टीममध्ये ते खातं बंद केल्याची नोंद आहे. पण त्या मुलीचं बोलणं ऐकलं आणि वाटलं, आपण चुकीच्या माणसाचे पुरावे तपासत बसलोय.

हॉलिवूडच्या १९४४ च्या 'लॉरा'मध्येही मेलेली समजलेली बाई एका रात्री दारातून आत येते. पण तिथला पोलिस अधिकारी तिला पूर्वी कधी भेटलेलाच नसतो, तो तिच्या तसबिरीच्या प्रेमात पडलेला असतो. आपल्याकडे समोर नवरा आहे. 'मेरा साया'तला सुनील दत्त तर शिक्षणासाठी परदेशात राहून आलेला. म्हणजे आपल्यातलाच की! 'पाठलाग'ला नुसता रहस्यपट म्हणून सोडून देतात ते मला म्हणून पटत नाही. दूर राहिलेला माणूस घरच्या माणसाला किती ओळखतो, हा त्यातला प्रश्न आहे, आणि तो जुना झालेला नाही.

इथे कुटुंब आणायला पगाराची किमान अट आहे. २०२४ मध्ये ती ८०० दिनार ठरली. ज्यांचा पगार तेवढा नाही ते लग्न झालेलं असूनही 'बॅचलर' म्हणून राहतात, एका खोलीत चौघे. मीही सुरुवातीची दोन वर्षं मंगफमध्ये तसाच काढली. पहिल्या सुट्टीत नाशिकला गेलो तेव्हा मोठ्या कौतुकाने बायकोला चहा करून दिला, दोन चमचे साखर घालून. तिने घोट घेतला आणि कप खाली ठेवला. साखर सोडून तिला दीड वर्ष झालं होतं. रोज व्हिडिओ कॉल करत होतो, तरी!

हे सांगितल्यावर अब्बासियात राहणारे आमचे काका बोलायला लागले. तोवर गप्पच होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा ते इथे होते, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. एअर इंडियाने अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय घरी नेले, त्यात काकाही. "मिरजेला दार वाजवलं. हिने उघडलं आणि म्हणाली, कोण पाहिजे? दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. मी नाव सांगितलं, तरी ती आधी सासूबाईंना हाका मारायला आत गेली."

"मग काका, तुम्हाला राग आला?" त्या मुलीने विचारलं.

"राग कसला? तिचं बरोबरच होतं. पण त्या वकिलाला मी नावं ठेवणार नाही, बाळा."

ती मुलगी काही मानली नाही. मलाही वकिलाला एवढी सूट द्यावीशी वाटत नाही. न ओळखणं मी समजू शकतो, पण बाई एवढ्या खुणा सांगत असताना एकदाही 'आपलंच चुकत असेल का' असं मनात न आणणं, हे मला जड जातं. वहिनींच्या मते वकील लोक असेच असतात. त्यांचे यजमान वकील नाहीत, अकाउंटंट आहेत, हे इथे सांगून ठेवतो.

पुढच्या शुक्रवारी 'मेरा साया' लावायचा ठरलाय. काका म्हणाले, मी येणार नाही. ते अब्बासियात फोनवर बघणार आणि काकू मिरजेत टीव्हीवर, दोघांनी एकाच वेळी सुरू करायचा. आपण अडीच तास मागे, म्हणून काकूंनी बजावलंय, तुमचे साडेपाच म्हणजे माझे आठ, जेवणं आटपून बसते, उशीर करू नका.