यंत्र पाणी वाचवते, मग उधळते कोण?

भांडी धुण्याच्या यंत्राचा, म्हणजे डिशवॉशरचा खप आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत वाढला. घरकाम करणाऱ्या बायांना सोसायटीच्या फाटकावर अडवले गेले, सिंकमध्ये खरकट्या भांड्यांचा ढीग साचला आणि ज्यांना परवडले त्यांनी यंत्र आणले. यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही. गैर वाटते ते त्या यंत्राबरोबर घरात आलेले वाक्य: "मशीन पाणी वाचवते, बाई पाणी उधळते." वसई पूर्वेच्या संकुलांत हे वाक्य सहज बोलले जाते. ज्या बाईबद्दल बोलले जाते, ती बऱ्याचदा सातिवली-वालीवच्या चाळीतून कामाला आलेली असते. म्हणून हा हिशेब सातिवलीतूनच तपासला पाहिजे.

आधी यंत्राचे खरे ते मान्य करू. आजचे चांगले डिशवॉशर काटकसरीच्या प्रोग्रामवर एका फेरीत साधारण १० ते १२ लिटर पाणी घेते. तेच पाणी गाळून, पुन्हा पुन्हा फवारून ते बारा-चौदा माणसांची ताटे-वाट्या धुते. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील शंभरावर माणसांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला लावली, तेव्हा सरासरी सुमारे १०० लिटर पाणी लागले. जाहिरातवाले अशाच आकड्यांवर स्वार होतात.

पण त्याच प्रयोगात माणसामाणसाच्या वापरात प्रचंड फरक होता. नळ सोडून धुणाऱ्याने पाण्याचा पूर आणला, टबात धुणाऱ्याचे थोडक्यात भागले. म्हणजे फरक हात आणि यंत्र यांच्यातला कमी, वाहता नळ आणि साठवलेले पाणी यांच्यातला जास्त आहे.

आता सातिवलीच्या चाळीत या. इथल्या अनेक चाळींत नळाची वेळ ठरलेली असते, बाकी भार बोअरवेलवर आणि टँकरवर. पाणी पिंपात भरून ठेवायचे आणि तांब्याने मोजून वापरायचे. खरकटे आधी कोरडेच पुसून काढायचे, एका घमेल्यात घासायचे, दुसऱ्यात विसळायचे, आणि विसळलेले पाणी मोरीत किंवा संडासात ओतायचे. पाच माणसांच्या घराची भांडी बादली-दीड बादलीत होतात. आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या घरी बादलीने मोजून पाहा. कढई, कुकर, तवा सगळे त्यातच आले. यंत्रात लोखंडी तवा गंजतो, ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात, म्हणून ती सिंकमध्येच राहतात आणि हाताने धुतली जातात. ते पाणी यंत्राच्या खात्यात कुणी धरत नाही. ताटे आधी नळाखाली धुऊन मग यंत्रात लावली, किंवा अर्धेच यंत्र भरून चालवले, तर बचत तिथेच संपते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याला यंत्रात वेगळे मीठ घालावे लागते, ते तर सोडूनच देऊ.

मग हीच बाई मालकिणीच्या सिंकवर पाणी उधळते कशी? साधा नळ पूर्ण सोडला की मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. दहा मिनिटांत शंभर लिटर. पण तिला टब दिलेला नसतो, नळाला जाळी बसवलेली नसते, आणि पुढच्या घरी वेळेवर पोहोचायचे असते. गच्चीवरच्या टाकीतून जोरात येणारे पाणी तिने आणलेले नाही, घाईही तिने ठरवलेली नाही. जी बाई स्वतःच्या घरी तांब्याने पाणी मोजते, तिला पाण्याची किंमत शिकवायला निघालेल्यांनी आधी आपली टाकी बघावी.

या वाक्यात पाण्यापलीकडचे काही आहे, ते ओळखायला आम्हाला चष्मा लागत नाही. काम करणाऱ्या बाईला चहा वेगळ्या कपात देणारी घरे आजही आहेत. तिने घासलेल्या ताटात जेवतात, पण तिचा कप वेगळ्या फळीवर ठेवतात! तिथे "हात न लागता स्वच्छ" ही यंत्राची थोरवी ऐकली की स्वच्छतेच्या आड जुना विटाळ दिसतो.

पाण्यावरचा हक्क कागदावर कसा राहतो, हे आमच्या समाजाला महाडने शिकवले. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत तो हक्क कागदावरच होता, आणि पुढे उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. आज कागदावर शहरी माणसाला दरडोई १३५ लिटर पाणी मोजले जाते. त्यात भांड्यांसाठी १० लिटर, म्हणजे पाच जणांच्या घराला रोज ५०. सातिवलीच्या चाळीने ते ५० लिटर एकदा तरी मागितले पाहिजेत. आणि ज्यांना ते मिळतात, त्यांनी सूर्या नदी विसरू नये. वसई-विरारला पाणी पुरवणारा सूर्या प्रकल्प मुळात आखला गेला तो डहाणू-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी. हे पाणी शहरांकडे वळवू नका म्हणून तिथले आदिवासी शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. वाया जाणारा लिटर त्यांचाही आहे.

मग आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. गांधींच्या यंत्रविरोधाला बाबासाहेबांनी १९४५ मध्ये खणखणीत उत्तर दिले होते. माणसाला पशूसारख्या कष्टांतून सोडवून फुरसत देते ते यंत्रच, आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृती नाही, हे त्यांचे म्हणणे. आमचा प्रश्न एवढाच, की ही फुरसत कुणाला मिळते? मालकिणीची संध्याकाळ मोकळी झाली, आणि बाईचा पगार "आता भांडी नाहीत ना" म्हणून कापला गेला, तर ती फुरसत नव्हे, ती कपात आहे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी ते पूर्ण भरून चालवावे, खरकटे पुसून काढावे, नळाखाली धुऊ नये. ज्यांच्याकडे नाही त्यांनी दोन टब आणि नळाला जाळी घ्यावी, हा खर्च काही शेकड्यांचा आहे. भांडी कमी झाली म्हणून बाईचा पगार कापू नये, काम बंद करायचे तर महिन्याची आगाऊ सूचना द्यावी. महानगरपालिकेने संकुलाच्या आणि चाळीच्या प्रत्येक जोडणीवर मीटर बसवावे आणि दरडोई कुठे किती पाणी जाते, ते प्रभागवार जाहीर करावे.

हे आकडे एकदा समोर आले, की पाणी कोण वाचवते आणि कोण उधळते, यावर वाद उरणार नाही. सातिवलीची पिंपे त्या मोजणीला तयार आहेत. गच्चीवरच्या टाक्या तयार आहेत का?

जय भीम!