बोरॉनचे औषध इथे घडायला हवे

घाटंजीच्या कापूस उत्पादकाला बोरॉन नवे नाही. कपाशीची पातेगळ थांबावी म्हणून कृषी केंद्रातून ते आणून फवारले जाते. त्याच बाजारात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. विदर्भातल्या तोंडाच्या कर्करोगामागे हा खर्रा मोठे कारण आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणे दिली, तरी काहींची गाठ उलटते. आणि एकदा शेकलेल्या जागी पुन्हा पूर्ण मात्रेची किरणे देणे अवघड असते. अशाच रुग्णांसाठी बोरॉन कामी येऊ शकते.

कल्पना गॉर्डन लॉकर यांची, 1936 मधली: गाठीत बोरॉन भरायचे आणि तिच्यावर न्यूट्रॉन सोडायचे. बोरॉन-10 चा अणू मंद न्यूट्रॉन गिळतो आणि फुटतो. त्यातून सुटणारे कण दहा मायक्रोमीटरच्या आतच थांबतात, म्हणजे साधारण एका पेशीच्या रुंदीत. ज्या पेशीत बोरॉन, मुख्य मार तिलाच.

सगळी मेख औषधात आहे. बोरॉन गाठीत भरपूर आणि रक्तात कमी राहायला हवे. आजचे प्रमुख औषध, बोरोनोफेनिलअलॅनिन, अमिनो आम्लासारखे दिसते, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशी ते अधाशीपणे आत घेतात. पण त्याच्या रेणूत बोरॉनचा अणू एकच. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. साठ किलोच्या रुग्णाला सुमारे 30 ग्रॅम औषध शिरेतून द्यावे लागते! दहा-बारा बोरॉन अणूंचे रेणू रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. ते अचूक गाठीत उतरवणे हे खरे काम.

जपानने 2020 मध्ये डोके व मानेच्या, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या कर्करोगासाठी या उपचाराला मान्यता दिली आणि विम्यातही घेतले. न्यूट्रॉनसाठी तिथे अणुभट्टी लागत नाही, रुग्णालयातला कणत्वरक पुरतो.

निसर्गातल्या बोरॉनमध्ये बोरॉन-10 जेमतेम 20 टक्के असते. ते समृद्ध करण्याचे तंत्र भारताच्या जड पाणी मंडळाकडे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र देशातल्या कर्करोग रुग्णालयांत चालतेच आहे. मग हे औषधही याच केंद्राचे रसायनशास्त्रज्ञ आणि टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर यांनी एकत्र बसून घडवावे. अणुऊर्जा विभागाने त्यासाठी वेगळा पैसा द्यावा आणि चाचण्यांत नागपूरच्या रुग्णालयांना सुरुवातीपासून घ्यावे, कारण रुग्ण इथे आहेत.

तोवर घाटंजीत ज्याच्या तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, ज्याचे तोंड पूर्ण उघडत नसेल, त्याने खर्रा सोडावा आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लगेच दाखवून घ्यावे.