समासाची शिस्त

ज्यांनी जुने मोडी कागद वाचले आहेत, त्यांना शब्द न तोडता धावणाऱ्या ओळीचा जाच ठाऊक असेल. संगणकाच्या आज्ञावलीत हा जाच यंत्राला होत नाही. 'सी' भाषेतील मोकळ्या जागा, समास, ओळींची उतरंड यांकडे यंत्र बहुतांशी ढुंकूनही पाहत नाही. हे सारे वाचणाऱ्या माणसासाठी असते.

आणि माणसाची नजर तेथेच फसते. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या फोनांत व संगणकांत एक दोष उघडकीस आला. समोरचा संगणक खरा की तोतया, हे सहीवरून पडताळणाऱ्या भागात 'गोटू फेल', म्हणजे 'चूक आढळली, बाहेर पड', ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली 'जर'च्या अधिकारात होती. दुसरी, महिरपी कंस नसल्यामुळे, कोणाच्याच अधिकारात नव्हती; तरी पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने ती तिच्याच घरची वाटे. परिणामी सही न तपासताच यंत्र बाहेर पडे, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्याने 'सर्व ठीक' असा निर्वाळा देई. हा मजकूर जगाला वाचावयास खुला होता! आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे 'जीसीसी' हे साधन २०१६ पासून अशा फसव्या समासाबद्दल इशारा देऊ लागले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे आरंभिलेल्या लिनक्सच्या गाभ्यात हे नियम लेखी आहेत. समास आठ अक्षरांचा. तीनपेक्षा अधिक पायऱ्या लागल्या, तर आज्ञावलीच सुधारावी. ओळ शक्यतो ८० अक्षरांची. हा आकडा १९२८ च्या आयबीएम छिद्रपत्रांतील रकान्यांची आठवण देतो. तपासनीस साधनाने २०२० मध्ये आपली मर्यादा १०० वर नेली. एकाच आज्ञेसाठी कंस नकोत, हा नियम मात्र तेथे आजही आहे. वरील प्रकार पाहता मला तो धाडसाचा वाटतो.

दुरुस्ती 'पॅच'च्या रूपाने येते: बदललेल्या ओळी व त्यांच्या भोवतालचा थोडा मजकूर, एवढेच परीक्षकापुढे असते. तीबरोबर कोणी शंभर ओळींचे समासही नीटनेटके केले, तर खरा बदल त्या गर्दीत हरवतो. शिवाय २००५ पासून वापरात असलेले 'गिट' प्रत्येक ओळीवर शेवटचा हात कोणाचा, हे सांगते; समास सरकवणाऱ्याचे नाव तेथे मूळ लेखकाच्या नावावर बसते, आणि दोष शोधणारा भलत्याच दारी जातो. म्हणून नवशिक्याने हौसेने पाठविलेली निव्वळ टापटीप पुष्कळदा परत येते; आवश्यकच असेल, तर ती दुरुस्तीपासून वेगळी काढून स्वतंत्र पॅच म्हणून मागवली जाते.