आठ पक्षांचा संसार



चार मराठी माणसं जमली की राजकारण निघतंच, आणि पुलोदपासून महाविकास आघाडीपर्यंत कुणाला कुठलं खातं मिळालं याची उजळणीही होते. पण जपानचं राजकारण निघालं की तीच मंडळी "इथे काय, सगळे सारखेच" म्हणून विषय संपवतात. आम्हाला काही हे पटत नाही. आपल्याला इथे मत नाही हे खरं, पण इथल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयांचे पैसे आपण रोज दुकानाच्या गल्ल्यावर मोजतोच की! म्हणून या खेपेला एका जुन्या खातेवाटपाची गोष्ट.

१९५५ साली स्थापन झाल्यापासून लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने ३८ वर्षं सत्ता सोडली नव्हती. जून १९९३ मध्ये राजकीय सुधारणांच्या प्रश्नावरून पंतप्रधान किइची मियाझावा यांच्यावर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला. घरचेच फिरले! त्यांच्याच पक्षातल्या इचिरो ओझावा आणि त्सुतोमु हाता यांच्या गटाने विरोधकांबरोबर मत दिलं आणि बाहेर पडून 'शिनसेइतो' हा नवा पक्ष काढला. १८ जुलैच्या निवडणुकीत ५११ पैकी २२३ जागा घेऊन लिबरल डेमोक्रॅटिकच सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमताला २५६ हवे होते. समाजवाद्यांचे ७०, शिनसेइतोचे ५५, कोमेइतोचे ५१.

आता गंमत बघा. मोरिहिरो होसोकावा यांचा वर्षभरापूर्वी निघालेला जपान न्यू पार्टी हा पक्ष ३५ जागांवर आणि मासायोशी ताकेमुरा यांचा साकिगाके १३ जागांवर होता. हे ४८ जण ज्या बाजूला जातील, ती बाजू राज्य करणार! ओझावांनी हे बरोबर हेरलं आणि होसोकावांपुढे थेट पंतप्रधानपदच ठेवलं. कुमामोतोच्या सरदार घराण्यातला, त्याच प्रांताचा माजी गव्हर्नर असलेला हा माणूस ९ ऑगस्ट १९९३ ला सात पक्ष आणि वरिष्ठ सभागृहातला एक गट अशा आठ जणांच्या आघाडीचा कारभारी झाला. नेहमीच्या जिन्यातल्या फोटोऐवजी मंत्र्यांनी बागेत उभं राहून हातात पेले घेतले. लोक खूश!

पण मंत्र्यांची यादी नीट वाचली, की वेगळंच दिसतं. आघाडीत सर्वांत मोठे समाजवादी. त्यांना सहा मंत्रिपदं मिळाली. शिनसेइतोला पाचच. पण कुठली? परराष्ट्र, अर्थ, व्यापार-उद्योग, शेती आणि संरक्षण. समाजवाद्यांच्या वाट्याला बांधकाम, वाहतूक, गृहव्यवहार, नियोजन, होक्काइदो-ओकिनावा आणि राजकीय सुधारणा. म्हणजे ताटं जास्त, पण तूप दुसऱ्याच्या पानात! कोमेइतोला चार, तीन लहान पक्षांना एकेक, आणि कायदा व शिक्षण ही दोन खाती संसदेबाहेरच्या माणसांना. शिक्षणमंत्री र्योको आकामात्सु धरून तीन स्त्रिया मंत्री झाल्या. सातही पक्षांचे प्रमुख मंत्रिमंडळात बसले, पण ज्यांनी मोट बांधली ते ओझावा मात्र बाहेरच राहिले. जबाबदारी आत आणि सूत्रं बाहेर. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

सुरुवात वाईट नव्हती. गेलं युद्ध हे आक्रमणाचं युद्ध होतं, असं होसोकावा स्पष्ट बोलले. डिसेंबरात तांदळाची बाजारपेठ परदेशी मालाला थोडी उघडली. जानेवारी १९९४ मध्ये निवडणूक सुधारणेचं विधेयक वरिष्ठ सभागृहात पडलं. ते पाडण्यात आघाडीतलेच काही समाजवादी होते! शेवटी विरोधी नेते योहेई कोनो यांच्याशी तडजोड करून ३०० एकसदस्यीय मतदारसंघ आणि २०० प्रमाणशीर जागा, असा कायदा झाला.

आणि मग ३ फेब्रुवारीची ती मध्यरात्र. होसोकावांनी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं, की ३ टक्के विक्रीकराच्या जागी ७ टक्के 'कल्याण कर' येणार. समाजवाद्यांनी हात वर केले; स्वतःच्या मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव ताकेमुराही उघड विरोधात गेले. दुसऱ्या दिवशी घोषणा मागे! आठ घरच्या संसारात सगळ्यांना न विचारता मोठी खरेदी केली, की दुसरं काय होणार? एप्रिलमध्ये जुन्या कर्जाच्या प्रकरणावरून होसोकावांनी राजीनामा दिला. समाजवादी बाहेर पडल्यामुळे हातांचं अल्पमतातलं सरकार ६४ दिवसांत आटोपलं.

पुढचं तर खरं वाटणार नाही. ३० जून १९९४ ला समाजवादी नेते तोमिइची मुरायामा पंतप्रधान झाले ते लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला सोबत घेऊन. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले, त्यांचे १३ मंत्री त्यांच्याच मंत्रिमंडळात! महिन्याभरात मुरायामांनी आत्मसंरक्षण दलं घटनेला धरून आहेत हे मान्य केलं, आणि वर्ष सरायच्या आत विक्रीकर ५ टक्के करण्याचा कायदाही झाला. दोन्ही गोष्टी त्यांच्या पक्षाच्या जुन्या भूमिकेच्या उलट. १९९६ च्या निवडणुकीत त्या पक्षाला उरल्या १५ जागा. खुर्ची मिळाली, पण घर गेलं. विक्रीकर १९९७ मध्ये ५ टक्के झाला आणि २०१९ मध्ये १० वर गेला. तो आपल्या सगळ्यांच्या पावत्यांवर आहेच.

हा धडा नंतरच्यांनी गिरवला असावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये, १९९९ पासून लिबरल डेमोक्रॅटिकच्या सोबतीला असलेला कोमेइतो बाजूला झाला आणि सानाए ताकाइची पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्या इशिन पक्षाच्या पाठिंब्यावर. पण इशिनने त्या वेळी एकही मंत्रिपद घेतलं नाही. पंगतीला यायचं, पण पानावर बसायचं नाही! यात शहाणपण किती आणि सावधपणा किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी इथलं मंत्रिमंडळ जाहीर होईल तेव्हा नुसते फोटो बघू नका. पैशाची खाती कुणाकडे गेली, सूत्रधार आत आहे की बाहेर, आणि सर्वांत मोठ्या भागीदाराला काय मिळालं, एवढं तरी बघाच. मुलांना इथल्या शाळेत मंत्रिमंडळाबद्दल शिकवतात. रात्री जेवताना त्यांना विचारा, कदाचित तीच आपल्याला चार गोष्टी सांगतील.

असो. पुढच्या अंकात भेटूच.