फुटलेला सायलेन्सर आणि कारागिराची जबाबदारी

लासूर स्टेशन हे कांदा, कापूस व मक्याच्या व्यापाराचे गाव. मालाची ने-आण टेम्पो, पिकअप व जुन्या जीपगाड्यांवर चालते. अशा गाडीचा सायलेन्सर फुटणे ही नेहमीचीच बाब आहे. पूर्वी हे काम सरळ वेल्डिंगच्या दुकानात येत असे. आता इन्व्हर्टर मशीन स्वस्त झाल्याने अनेक गाडीमालक घरच्या अंगणातच टाका मारू लागले आहेत. याबद्दल आमच्या कारागीर बांधवांनी नाराज होऊन भागणार नाही. घरच्या टाक्यात आणि दुकानातील कामात फरक दिसला, तरच गिऱ्हाईक परत येईल.

हा फरक कारण शोधण्यात आहे. पाइपला तडा जातो तो बहुधा गंजाने किंवा हादऱ्याने. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले असेल किंवा इंजिनचे माउंटिंग बसले असेल, तर कितीही चांगला टाका थोड्याच दिवसांत शेजारून पुन्हा फुटतो. म्हणून आधी रबर व क्लॅम्प पाहावेत. मग गंज घासून चकचकीत पत्रा काढावा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडले म्हणजे तडा पुढे सरकत नाही. पत्रा पातळ असल्याने अडीच मिलिमीटरची ६०१३ कांडी, कमी करंट आणि थांबून थांबून छोटे टाके, ही रीत बरी. पत्रा कुजलाच असेल तर टाका धरत नाही. तेवढा तुकडा कापून नवा पाइप बसवावा आणि तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

जिवाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. शक्यतो पाइप गाडीतून काढूनच वेल्डिंग करावे. जागेवरच करावे लागले तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, अर्थिंग टाक्याजवळ लावावे आणि डिझेल-पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी उडू देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना निघणाऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो; मुलामा घासावा व मोकळ्या हवेत बसावे. सायलेन्सर गळका राहिला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून टाक्यावर साबणाचे पाणी सोडून, इंजिन चालू करून बुडबुडे पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये.

नव्या गाड्यांनी काम बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व सेन्सर असतात आणि पाइप बहुधा स्टेनलेसचा असतो. त्याला साधी कांडी चालत नाही. स्टेनलेस व साधे लोखंड जोडण्यासाठी ३०९एल कांडी घ्यावी लागते. काहीजण कन्व्हर्टर कापून नुसता पाइप जोडून देतात. असे काम गिऱ्हाइकाने मागितले तरी नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातून धूर वाढतो, गाडीमालक पीयूसीत अडकतो आणि दोष दुकानावर येतो.

आमची सूचना साधी आहे. मुलांना नुसते हाताखाली न ठेवता आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम करू द्यावा. काय तपासले, काय बदलले व किती पैसे घेतले, याची चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यावी. घरात मशीन असलेला माणूससुद्धा अशा दुकानात येईल.