स्पिनोझाचें निरपेक्ष प्रेम

आपण प्रेम करावें आणि त्याची परतफेड व्हावी, ही अपेक्षा बहुतेकांच्या मनांत असते. आईबापांना मुलांकडून, मित्राला मित्राकडून, इतकेंच काय पण भक्तालाहि देवाकडून कांहीं हवें असतें. तें न मिळालें कीं प्रेमाचा राग होण्यास वेळ लागत नाहीं. या व्याधीचें निदान हॉलंडमधील तत्त्ववेत्ता स्पिनोझा यानें फार सूक्ष्मपणें केलें आहे.

स्पिनोझा १६३२ सालीं ॲमस्टरडॅम येथें ज्यू कुटुंबांत जन्मला. पाखंडी मतांचा ठपका ठेवून १६५६ सालीं त्याच्या समाजानें त्यास बहिष्कृत केलें. तो भिंगें घासण्याचा व्यवसाय करी. १६७३ सालीं हायडेलबर्ग विद्यापीठाची प्राध्यापकी चालून आली असतां, विचारस्वातंत्र्यास बाध येईल म्हणून त्यानें ती नाकारली. १६७७ सालीं तो वारला. त्याच वर्षीं त्याचा ‘नीतिशास्त्र’ हा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी भूमितीप्रमाणें व्याख्या, गृहीतें व सिद्धांत अशी आहे.

त्याच्या मतें, आनंदाबरोबर त्याच्या बाह्य कारणाची कल्पना मनांत असली म्हणजे तें प्रेम. दुःखाबरोबर असली तर तो द्वेष. म्हणून मनोविकार दडपण्यापेक्षां त्यांचीं खरीं कारणें जाणणें हा श्रेष्ठ उपाय. विकाराचें स्वरूप स्पष्ट कळलें कीं त्याचा आपल्यावरील अंमल सुटूं लागतो. द्वेषाला द्वेषानें उत्तर दिल्यास तो वाढतो. प्रेमानें मात्र तो नाहींसा होऊं शकतो.

दूरदेशीं असलेल्या मुलाचा चार दिवस टेलिफोन आला नाहीं, तर “तो आपणांस विसरला” असें मन ठरवितें व पोळतें. त्याचीं कामें, थकवा, संसाराची ओढाताण हीं कारणें ध्यानांत आलीं, तर उणीव राहील, पण राग ओसरेल. दुसरा सर्वस्वीं स्वतंत्र बुद्धीनें वागला असें मानल्यानेंच राग बळावतो, हें स्पिनोझानें दाखविलें आहे.

त्याचा ईश्वर म्हणजे हें अखिल विश्वच. या सत्याच्या ज्ञानांतून ईश्वराविषयीं जें प्रेम उपजतें, तें प्रतिप्रेम मागत नाहीं. गीतेंतील निष्कामतेचें येथें स्मरण होतें. परंतु भक्ताच्या हांकेला धांवणारा विठ्ठल स्पिनोझापाशीं नाहीं, हा भेदहि विसरतां कामा नये. वारकऱ्याचें समाधान त्यानें होणार नाहीं. तथापि वार्धक्यांत, अपेक्षा वाढतात व माणसें पांगतात अशा काळीं, रागावण्यापूर्वीं कारण शोधण्याची त्याची शिकवण प्रत्येक घरीं उपयोगीं पडेल.